साखरेची काच

संत्र्याची न फाटलेली फोड काडीला टोचून साखरेच्या पाकात बुडवली, की मिनिटभरात तिच्यावर पारदर्शक, कडक कवच चढते. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात अशी फळे रस्त्यावर विकतात. हे कवच म्हणजे साखरेची काचच!

दोन वाट्या साखर व एक वाटी पाणी उकळू लागले, की पाणी उडून जाते व पाकाचा उत्कलनबिंदू चढत जातो. सुमारे १५० अंश सेल्सिअसला त्यात जेमतेम एक-दोन टक्के पाणी उरते. अशा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, तर कडक होऊन कटकन मोडतो. झटकन थंड झाल्याने साखरेच्या रेणूंना स्फटिकात रांगेने बसायला सवड मिळत नाही; ते अस्ताव्यस्तच गोठतात. पाक ढवळत राहिलात, तर मात्र स्फटिक बनून तो रवाळ होतो.

ओल्या फोडीवर कवच धरत नाही. म्हणून फोडी पुसून बोथट काड्यांना टोचायचे काम धाकट्या भावंडांना द्या. पाक मोठ्यांनीच हाताळावा. तो उकळत्या पाण्याहून ५० अंशांनी अधिक तापलेला असतो, शिवाय कातडीला चिकटून बसतो.

संक्रांतीच्या हलव्यावर मात्र काचेऐवजी स्फटिकांचा काटा का येतो? विचार करा!