सहाध्यायांचा स्नेह

पदवीपरीक्षेच्या वर्षी काढलेले वर्गाचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेले असते. वाचकहो, सवड काढून ते एकदा हाती घ्या आणि ओळीने एकेक नाव सांगून पाहा. काही नावे चटकन ओठांवर येतील. काही आठवतील, पण ती माणसे आज कोठे आहेत हे सांगता येणार नाही. ज्यांच्या वह्या आपण उतरवून घेतल्या, ज्यांच्या खोलीवर परीक्षेच्या रात्री जागवल्या, ती माणसे नोकरी, बदल्या आणि संसार यांच्या रेट्यात केव्हा दुरावली, हे आपल्याला कळलेही नाही. बहुधा भांडण झालेले नसते. एका पत्राचे उत्तर तेवढे राहून गेलेले असते.

हा स्नेह टिकवणे ही रिकाम्या वेळची हौस होय, असे कोणी म्हणेल. पण आपल्या देशाचा इतिहास वेगळे सांगतो. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. एक न्यायखात्यात गेले, दुसरे संस्कृत विद्येच्या संशोधनात रमले. तथापि प्रार्थना समाजाच्या कार्याने दोघांना एकत्र राखले.

कोलकात्याची जोडी

याहून बोलके उदाहरण कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले आहे. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे तेथे एका वर्गात होते. बोस हे रेल्वेतील एका नोकरदाराचे पुत्र, शहरातच वाढलेले. साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील लहानशा दुकानदाराचे पुत्र. शिष्यवृत्तीच्या आधारे शिकलेले आणि जातीच्या कारणाने वसतिगृहात पंक्तिभेद सोसलेले. १९१५ साली एम. एस्सी.च्या परीक्षेत बोस पहिले आले, साहा दुसरे. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची चुरस स्नेहाला मारक ठरते असा आपला अनुभव असतो. येथे मात्र ती जोडी अधिकच घट्ट झाली. कोलकाता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात दोघेही अध्यापक झाले आणि आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील मूळ जर्मन लेखांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी मिळून केला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला.

पुढे वाटा फुटल्या. बोस १९२१ साली ढाक्यास गेले, साहा १९२३ साली अलाहाबादेस. अंतर वाढले, पण विचारपूस थांबली नाही. १९२४ साली साहा ढाक्यास आले असता, प्लांकच्या नियमाशी संबंधित अशा पाउली, आइन्स्टाइन आणि एरेनफेस्ट यांच्या ताज्या लेखांकडे त्यांनी बोसांचे लक्ष वेधले. बोस त्या वेळी याच प्रश्नाने पछाडलेले होते. त्याच वर्षी त्यांनी आपला निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादून छापवून आणला आणि बोसांचे नाव जगभर झाले. त्या निबंधाचे श्रेय बोसांच्या प्रतिभेचेच. परंतु योग्य वेळी योग्य लेख पुढे ठेवणारा जुना वर्गमित्र घरी आला, हेही विसरता येत नाही.

१९५२ साली तर हे दोघे स्वतंत्र भारताच्या संसदेत आले. साहा कोलकात्यातून लोकसभेवर निवडून आले आणि बोस यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. एका बाकावरून उठलेले दोन विद्यार्थी सदतीस वर्षांनी देशाच्या दोन सभागृहांत बसले!

पाहणी काय सांगते

आपण काही बोस-साहा नव्हे, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण स्नेहाचा लाभ केवळ प्रतिभावंतांनाच होतो असे नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या जीवनाची पाहणी सुरू झाली. बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचीही अशीच पाहणी चालली होती. पुढे दोन्ही एकत्र आल्या. या माणसांची प्रकृती, नोकरी, संसार आणि मैत्री यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवण्यात आली. पन्नाशीत ज्यांचे माणसांशी संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. या बाबतीत रक्तातील कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नातेसंबंधांवरून अधिक अचूक अंदाज करता आला. ही पाहणी मूळात केवळ पुरुषांची आणि एकाच देशातली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण वार्धक्यातील एकटेपणा शरीरालाही पोखरतो, हे आपल्याही घरी आपण पाहतोच.

यादीतून गळलेली नावे

वर्गाचे संमेलन भरवताना यादी केली जाते, तेव्हा दोन प्रकारची नावे गळतात. पहिली स्त्रियांची. लग्नानंतर आडनाव बदलले, कित्येकींचे माहेरचे नावही बदलले, आणि कॉलेजच्या नोंदवहीतील विद्यार्थिनी जणू नाहीशी झाली. तिचा पत्ता बहुधा तिच्या मैत्रिणीकडे किंवा माहेरी मिळतो. तो शोधण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

दुसरी नावे अधिक अवघड. ज्याची नोकरी गेली, ज्याचा व्यवसाय बुडाला, ज्याच्या घरी दुःखद घटना घडली, तो स्वतःहून दूर राहतो. मोटार, बंगला आणि परदेशातील मुले यांचीच चर्चा जेथे चालते, तेथे त्याने कोणत्या तोंडाने यावे? ज्या संमेलनात मिळकतीची विचारपूस होते, ते पुढल्या वर्षी अर्धे रिकामे दिसते. अशा मित्राला छापील निमंत्रण धाडून भागत नाही. कोणीतरी त्याच्या दारी जावे, चहा घ्यावा आणि संमेलनाचे नावही न काढता परत यावे. पुढचे आपोआप घडते.

आरंभ कसा करावा

हे सारे अंगावर घेणारी एक व्यक्ती लागते. मात्र दरवर्षी काम दुसऱ्याकडे सोपवले तर कोणावरही भार पडत नाही. नोंदवहीत विवाहापूर्वीचे व नंतरचे, अशी दोन्ही नावे लिहावीत. भेटीचा दिवस कायमचा ठरवून टाकावा, म्हणजे दूरच्या गावी असणाऱ्यांना आधी रजा मागता येते आणि तिकीट काढता येते. वर्गणी इतकी ठेवावी की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यालाही ती जड जाऊ नये. जो सहाध्यायी गेला, त्याच्या पत्नीला किंवा तिच्या पतीला यादीतून वगळू नये; उलट पहिले निमंत्रण तिकडे जावे.

आज हातातल्या फोनवर शंभर वर्गमित्रांचा समूह क्षणात जमतो. ही मोठीच सोय आहे. पण रोज सकाळी आलेले फुलांचे चित्र पुढे धाडणे म्हणजे ख्यालीखुशाली विचारणे नव्हे. त्या शंभरांत जो महिनोन्‌महिने काही बोललेला नाही, त्याला या रविवारी फोन करा. काम सांगू नका, सबब शोधू नका. इतकी वर्षे का बोललो नाही, याचा हिशेबही मागू नका. ‘कसा आहेस?’ एवढे विचारा आणि त्याला निवांत बोलू द्या.