भर दुपारचा बिनतिकिटाचा उत्सव

आकाशदर्शन म्हटले की रात्र, गावाबाहेरचे माळरान आणि दुर्बिणीपुढची रांग डोळ्यांपुढे येते. शून्य सावली दिवसाला यातले काहीच लागत नाही. तो साजरा होतो भर उन्हात, घराच्या गच्चीवर नाहीतर कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर. लातुरात १३ मेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी. नांदेडला १६ मेच्या सुमारास, १२ वाजून १७ मिनिटांनी. साल बदलले की तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होते, इतकेच.

‘सूर्य तर रोजच दुपारी डोक्यावर येतो’ असे आपण म्हणतो खरे, पण तो अगदी माथ्यावर येतो वर्षातून फक्त दोनदा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्याची ये-जा कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान चालते. सूर्य ज्या दिवशी आपल्या गावाच्या अक्षांशावर येतो, त्या दिवशी उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, त्यामुळे दिल्लीकरांच्या नशिबी हा दिवसच नाही. महाराष्ट्र मात्र सगळाच्या सगळा अलीकडे आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडीकडून शिरलेली ही बिनसावलीची रेघ महिनाअखेरीस सातपुड्यापाशी पोहोचते.

आपल्या भागात तिचा वेग दिवसाला साधारण पंचवीस किलोमीटर. निलंग्याला १२ मे, लातूर-उदगीरला १३, अहमदपूर-मुखेडला १४, कंधारला १५, नांदेडला १६, किनवटला १८ आणि माहूरला १९ असे तिचे वेळापत्रक ढोबळमानाने मांडता येते. लातूरहून निघालेली एसटी काही तासांत नांदेड गाठते. सूर्याला तीन दिवस लागतात.

हा दिवस लोकांपर्यंत नेण्याचे काम अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रसार समितीने गावोगावच्या तारखा-वेळा देऊन केले. महाराष्ट्रात जमीन आधीच तयार होती. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे आणि हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. हौशी लोकांनी हौशी लोकांना आकाश दाखवायचे, ही रीत इथे मुरलेली आहे.

साहित्य म्हणाल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा, पांढरा कागद, पेन्सिल आणि गवंड्याचा ओळंबा. फरशी सपाट हवी आणि पाइप ओळंब्यात उभा हवा. घोळ होतो तो इथेच. लातुरात बाराच्या ठोक्याला मीटरभर उंचीच्या पाइपची सावली पश्चिमेला आठेक सेंटिमीटर असते. दर पाच मिनिटांनी तिच्या टोकावर खूण करत जायचे. खुणा बुडाकडे सरकत येतात, १२ वाजून २० मिनिटांनी पाइपच्या आत उन्हाचे पूर्ण वर्तुळ जमिनीला टेकते आणि पुढच्या काही मिनिटांत सावली पूर्वेला डोके काढते. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतला बारा अंगुळांचा शंकू हेच काम करायचा.

लातूर आणि नांदेड यांनी मिळून करण्यासारखा एक प्रयोग याहून मोलाचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांतल्या मध्यान्हीच्या उन्हावरून पृथ्वीचा परीघ काढला. आपल्याकडे लातूर १८.४ अंशांवर, नांदेड १९.१५ अंशांवर, फरक पाऊण अंशाचा आणि दक्षिणोत्तर अंतर सुमारे ८३ किलोमीटर. लातुरात सावली शून्य होते त्याच दिवशी नांदेडच्या मध्यान्हीला तीन मीटर उंचीवरून मोजणी घ्यायची. सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड फिसकटते. म्हणून उंचावर भोक पाडलेला पुठ्ठा बांधावा, त्याच भोकातून ओळंबा सोडून खालचा बिंदू पक्का करावा आणि मग ओळंबा काढून घ्यावा. भोकातून आलेला उन्हाचा कवडसा नांदेडात त्या बिंदूच्या उत्तरेला साधारण चार सेंटिमीटरवर पडतो. तेवढ्यावरून पाऊण अंश निघतो. पूर्ण वर्तुळात असे ४८० तुकडे बसतात. ४८० गुणिले ८३ म्हणजे ३९,८४० किलोमीटर. पृथ्वीचा खरा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे काय मोजणार हे ज्या मुलांना उद्या समजून घ्यायचे आहे, त्यांनी आज ओळंबा हातात धरलेला बरा.

अडचण आहे ती मुहूर्ताची. मेच्या मध्यावर शाळांना सुट्टी आणि पारा चाळिशीपार. सूर्य परत फिरतो तेव्हा, नांदेडला २७ जुलैच्या आणि लातूरला ३० जुलैच्या सुमारास, शाळा भरलेल्या असतात, पण आभाळही भरलेले असते. म्हणून हा कार्यक्रम शाळेच्या भरवशावर सोडून चालत नाही. नांदेडच्या सिडको-हडकोत काय किंवा लातूरच्या औसा रोडकडच्या नव्या वसाहतींत काय, सुट्टीतली मुले कॉलनीच्याच ताब्यात असतात. गल्लीतल्या गणेश मंडळाकडे मांडव, पाण्याचे जार आणि माइक यांची व्यवस्था ठरलेली असते. माणसे गोळा करण्याची सवयही असते. अर्ध्या तासाच्या या उत्सवाला तेवढे पुरते. मांडव तेवढा पाइपवर घालू नये.