दोन शेर नाचणी, दीड कप पीठ आणि विटेसारखा केक

पोलादपूर तालुक्यातलं कुडपण म्हटलं की धुकं आणि धबधबेच डोळ्यांसमोर येतात. मी मात्र तिथून नाचणी घेऊन आले. देणाऱ्या आजींनी काटा काढलाच नाही. शेरानं दोन मापं भरली, दोन्ही शिगोशीग, आणि वर आणखी एक मूठ टाकली. घरी आल्यावर नाचणी दळून आणली, नेटवर नाचणीच्या केकची रेसिपी शोधली. त्यात लिहिलं होतं, ‘दीड कप पीठ’. मी कप डब्यात खुपसला, पीठ चांगलं चोपून भरलं आणि केक विटेसारखा झाला.

चुकलं कुठं? तर कप म्हणजे आकारमान आणि ग्रॅम म्हणजे वजन. पाण्यात दोन्हींचा मेळ बसतो, कारण १ मिली पाणी साधारण १ ग्रॅम भरतं. पिठाचं तसं नाही. त्याच्या कणांमध्ये हवा असते. २४० मिलीच्या मेजरिंग कपात चमच्यानं हलकेच मैदा टाकून वरून सुरी फिरवली, तर तो १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे दीड कपामागे ४०-४५ ग्रॅम पीठ जास्त. त्याच कपात साखर मात्र २०० ग्रॅम मावते.

आपल्याला हा घोळ नवा नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, ही सगळी भरून मोजायची मापं. त्यामुळे पायलीभर भात आणि पायलीभर नाचणी यांचं वजन कधीच सारखं नसायचं. त्यात ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, वजनाचा शेर वेगळाच. नाव एक, मापं दोन! १९५६च्या कायद्यानं मेट्रिक पद्धत आली आणि १९६२पर्यंत शेर-मण व्यवहारातून कायद्यानं बाद झाले. घराघरातून ते गेले नाहीत, हे त्या आजींनी दाखवलंच.

मग भाकरी कशी बिघडत नाही? कारण तिथं हात दुरुस्ती करतो. पीठ कोरडं वाटलं की पाण्याचा हबका, सैल झालं की आणखी चिमूटभर पीठ. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की हात लावता येत नाही. शिवाय नाचणीत ग्लूटेन नसतं आणि तिचं पीठ पाणीही बऱ्यापैकी पितं, त्यामुळे थोडं जास्त पडलं तरी केक लगेच घट्ट होतो.

आता तुम्ही म्हणाल, सगळंच एका वाटीनं मोजलं तर? चालतं की, प्रमाण तेच राहतं. अडतं ते अंड्यांपाशी आणि ‘१०० ग्रॅम बटर’पाशी. अंडं काही वाटीप्रमाणे लहान-मोठं होत नाही. आणि ‘कप’ही सगळीकडे एक नाही. अमेरिकन रेसिपीतला साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानमधला २००चा. आपला चहाचा कप तर यांतल्या कशातच बसत नाही.

घरी काटा नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि तिच्यात तुमच्या किती वाट्या पाणी मावतं ते मोजा. साडेसहा वाट्या मावल्या तर वाटी सुमारे १५४ मिलीची. हलक्या हातानं भरलेला मैदा मिलीमागे साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे त्या वाटीत ८० ग्रॅमच्या आसपास. खात्री करायची असेल तर मैद्याचं अर्ध्या किलोचं नवं पाकीट फोडून वाट्या मोजा. सहा-सव्वासहा झाल्या की हिशोब बरोबर. नाचणी, तांदूळ, कणीक यांचा आकडा वेगळा येणार, त्यामुळे पाकीट बदललं की पुन्हा मोजा.

ज्या बचत गटांना नाचणीची बिस्किटं विकायची आहेत, त्यांना मात्र काट्याशिवाय गत्यंतर नाही. बंद पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं, ‘चार वाट्यांची बिस्किटं’ असं लिहून चालत नाही. पीठ वाटीनं घेतलं तर एका घाण्यात पन्नास बिस्किटं होतात, दुसऱ्यात पंचेचाळीस, आणि पाकिटाचा भाव कसा धरायचा हेच कळत नाही.

माझा दुसरा केक १८० ग्रॅमचा होता. पीठ काट्यावर मोजलं. वर थोडा तडकला, पण सुरीनं कापता आला.