जागतिक शासनव्यवस्था : विधी पदवीधरांसाठी संशोधनाच्या संधी

जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने 1998 मध्ये कोळंबी व सागरी कासवांच्या वादात दिलेला निर्णय आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो. कोळंबी पकडताना जाळ्यात सापडलेली कासवे सुटू शकतील असे साधन वापरण्याची अट अमेरिकेने घातली होती आणि ती न पाळणाऱ्या देशांच्या कोळंबीची आयात रोखली होती. याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड या देशांनी तक्रार केली. कासवांच्या रक्षणाचा हेतू मंडळाने वैध मानला. परंतु अट लागू करण्याची पद्धत मनमानी व भेदभावाची ठरवली. निर्यातदार देशांना बाजू मांडण्याची औपचारिक संधी नव्हती, नकाराची लेखी कारणे दिली जात नव्हती आणि फेरविचाराची तरतूदही नव्हती. प्रशासकीय कायद्यातील नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मच्छीमारांच्या उपजीविकेशी निगडित अशा जागतिक प्रश्नालाही लागू पडतात, हे या निर्णयातून स्पष्ट झाले.

संकल्पना

जगाचे एकच सरकार नाही. तथापि जगाला लागू होणारे नियम मात्र सतत तयार होत असतात. बँकांच्या भांडवलाचे निकष 1974 मध्ये स्थापन झालेली बाझल समिती ठरवते. या निकषांना कराराचे बंधन नसले तरी भारतीय रिझर्व्ह बँकेसह अनेक मध्यवर्ती बँका त्यांच्या आधारे नियम करतात. अन्नपदार्थांची मानके कोडेक्स आयोग निश्चित करतो. करार, मानके, मार्गदर्शक तत्त्वे व त्यांची अंमलबजावणी यांच्या या जाळ्यास जागतिक शासनव्यवस्था असे म्हणतात. हे नियम कोण करते, कोणाचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि चूक झाल्यास उत्तरदायी कोण, या प्रश्नांचा अभ्यास करणारी ‘जागतिक प्रशासकीय कायदा’ ही शाखा किंग्जबरी, क्रिश व स्टुअर्ट यांच्या 2005 मधील लेखामुळे विशेष प्रकाशात आली.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 51 मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदरभाव जोपासण्याचे निदेशक तत्त्व आहे, तर अनुच्छेद 253 अन्वये आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार संसदेस आहे. त्यामुळे हा विषय केवळ परराष्ट्र धोरणापुरता मर्यादित राहत नाही.

संधींचे टप्पे

शिष्यवृत्ती प्रामुख्याने शिक्षणाच्या खर्चासाठी असते. अधिछात्रवृत्तीमध्ये मात्र संशोधनाची अपेक्षा असते. विधी पदवीधराने या संधींकडे टप्प्याटप्प्याने पाहावे.

पहिला टप्पा देशांतर्गत आहे. विधी विषयातील पदव्युत्तर पदवीनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेद्वारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवता येते. जानेवारी 2023 पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ टप्प्यात 42,000 रुपये अशी करण्यात आली.

दुसरा टप्पा आंतरराष्ट्रीय संस्थांमधील अनुभवाचा होय. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायिक अधिछात्रवृत्तीत नवोदित विधी पदवीधर सुमारे दहा महिने न्यायाधीशांच्या संशोधनकार्यास साहाय्य करतात. येथे व्यक्तिगत अर्ज चालत नाही. विद्यापीठाने नामनिर्देशन करावे लागते. पूर्वी खर्चाचा भारही नामनिर्देशन करणाऱ्या विद्यापीठावर असे. साहजिकच संपन्न देशांतील विद्यापीठांना त्याचा अधिक लाभ होई. ही विषमता दूर करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 2020 मध्ये विकसनशील देशांतील उमेदवारांसाठी विश्वस्त निधीची तरतूद केली. संयुक्त राष्ट्रांचा हेग येथील आंतरराष्ट्रीय कायदा अधिछात्रवृत्ती कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे जिनिव्हा येथील चर्चासत्र हेही या टप्प्यातील परिचित कार्यक्रम होत.

तिसरा टप्पा पीएच.डी.नंतरचा. फ्लॉरेन्सच्या युरोपीय विद्यापीठ संस्थेत 2006 मध्ये सुरू झालेला मॅक्स वेबर कार्यक्रम कायद्यासह सामाजिक शास्त्रांतील तरुण संशोधकांसाठी असून तो सर्व राष्ट्रांच्या नागरिकांना खुला आहे.

पूर्वतयारी

निवडीमध्ये संशोधन प्रस्तावास मोठे महत्त्व असते. ‘जागतिक शासन आणि भारत’ यासारखा विस्तीर्ण विषय घेण्याऐवजी एक संस्था, एक नियम व एक प्रश्न निवडावा. उदाहरणार्थ, कोडेक्स आयोगाच्या एखाद्या मानकाच्या प्रक्रियेत विकसनशील देशांचा सहभाग कितपत होता, हा प्रश्न मर्यादित तसेच उपयुक्त आहे. संयुक्त राष्ट्रांचे दृक्‌श्राव्य ग्रंथालय 2008 पासून नामवंत अभ्यासकांची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध करून देते. महानगरांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्याचा विशेष उपयोग होईल. आपले विद्यापीठ नामनिर्देशन करते किंवा नाही, याची चौकशी विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षातच करावी. आणि विद्यापीठांनीही अशी व्यवस्था निर्माण करणे अगत्याचे आहे.

डॉ. नगेंद्र सिंह यांनी 1985 ते 1988 या काळात आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्षपद भूषविले. ही परंपरा पुढे न्यायची असेल तर वाटाघाटींच्या मेजावर बसण्यापूर्वी ग्रंथालयाच्या मेजावर तयारी व्हावयास हवी. जे नियम आपल्याला पाळावे लागणार आहेत, त्यांच्या घडणीत आपल्या अभ्यासकांचाही वाटा असावा, हेच या अधिछात्रवृत्तींचे खरे मोल होय.