वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलंय? मग स्वयंपाकघराचीही तयारी करा

रविवारी सकाळी दर्शिनीत उभ्याने बेण्णे डोसा आणि फिल्टर कॉफी, दुपारी घरी तूप घातलेला वरणभात, संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत एक चक्कर. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाचं पोट दोन राज्यांचं असतं! अशा घरात एक दिवस कुणीतरी सांगतं, "डॉक्टरांनी बेरिॲट्रिक सर्जरी सुचवली आहे." आणि मग आई, सासूबाई, आत्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, "अगं, मग आता तू खाणार काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. ऑपरेशन तास-दोन तासांत होतं, पण जेवण रोज करायचं असतं, आयुष्यभर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही नात्यात कुणाला तरी पडणार आहे. चला, नीट समजून घेऊया.

चरबी काढणं वेगळं, हे वेगळं

मे २०२२ मध्ये बेंगळुरूत एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. अशी बातमी वाचली की धडकी भरतेच. पण लायपोसक्शनसारख्या प्रकारात त्वचेखालची चरबी ओढून काढतात. ते शरीराला आकार देण्यासाठी असतं, लठ्ठपणावरचा इलाज म्हणून नाही.

बेरिॲट्रिक सर्जरीत चरबीला हात लावत नाहीत, बदल होतो तो जठरात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. 'बायपास' प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

या शस्त्रक्रियेची सुरुवात एका साध्या निरीक्षणातून झाली. अल्सरसारख्या आजारात जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन नंतर वाढत नाही, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी १९६६ मध्ये वजनासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली.

धोका मात्र शून्य नसतो. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी होणं या गोष्टी कमी प्रमाणात का होईना, होऊ शकतात. त्या डॉक्टरांना आधीच, स्पष्टपणे विचारा.

आपल्याकडची दोन उदाहरणं

नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. नागपूरकर गडकरी खाण्याचे किती शौकीन आहेत, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. एवढा व्यग्र आणि खवय्या माणूस हा निर्णय घेतो, तेव्हा 'ही फक्त सिनेमातल्या लोकांची थेरं' हा समज गळून पडतो.

दुसरं उदाहरण इजिप्तच्या इमान अहमद यांचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना खास मालवाहू विमानाने मुंबईत आणलं. त्यांचं वजन ५०० किलोच्या आसपास असल्याचं सांगितलं जात होतं. मार्चमध्ये सैफी हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, वजनही पुष्कळ उतरलं. पण त्यांना आधीपासून अनेक गंभीर आजार होते. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचं निधन झालं.

या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेने खूप काही बदलू शकतं, पण शरीर पार थकण्याआधी आणि इतर आजार हाताबाहेर जाण्याआधी ती झालेली बरी.

तुमचा नंबर लागतो का?

आधी बीएमआय काढा. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागायचं. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल, तर बीएमआय साधारण ३५ येतो.

भारतात बरीच वर्षं ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाबासारखे आजार असतील तर ३२.५ च्या वर, असा निकष वापरला गेला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह लवकर गाठतो.

आता पैशांचं. विमा नियामकाच्या नियमांनुसार आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया साधारणपणे तेव्हाच बसते, जेव्हा वय किमान १८ असतं, डॉक्टरांचा सल्ला असतो आणि बीएमआय ४० किंवा जास्त असतो. ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असावा लागतो आणि आधीचे साधे उपाय करून झालेले असावे लागतात. फरक दिसला ना? डॉक्टर ३३ बीएमआयला 'करा' म्हणतील आणि विमा कंपनी 'नाही' म्हणेल, असं घडू शकतं. म्हणून दाखल होण्याची तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही तपासा.

ऑपरेशनआधीचे दिवस

साधारण दोन ते चार आठवडे आधी आहारतज्ज्ञ कमी कॅलरी, कमी पिष्टमय आणि जास्त प्रथिनांचा आहार देतात. कारण ऐकलंत तर तो पाळायला सोपं जाईल. जठराच्या वर यकृताचा भाग असतो. लठ्ठपणात यकृतात चरबी साठून ते मोठं होतं आणि दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनच्या वाटेत येतं. या आहाराने ते आकसतं. म्हणून 'आता शेवटचंच' म्हणत रोज डोसा आणि गुलाबजाम खाणं म्हणजे स्वतःचंच ऑपरेशन अवघड करणं.

याशिवाय एवढं करा:

• सिगारेट, तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद. पुन्हा सुरू न केलेलीच बरी.
• हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. कमतरता आधीच भरून काढायची असते.
• घोरणं जास्त असेल तर डॉक्टरांना सांगा. भूल देताना ही माहिती महत्त्वाची असते.
• आजपासूनच हळू खायचा सराव करा. घास छोटा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही.
• छोट्या वाट्या, लहान चमचे, मिक्सरचं छोटं भांडं आणि गोळ्यांचा आठवड्याचा डबा आणून ठेवा.
• रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे का, रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा आणि पुढच्या तपासण्या किती काळ चालतील, हे विचारा.

पहिले दोन महिने: थेंबापासून घासापर्यंत

प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तुमच्या आहारतज्ज्ञांचंच ऐका. ढोबळ क्रम असा असतो.

पहिले एक-दोन दिवस: फक्त पातळ, गाळलेलं. पाणी, डाळीचं वरचं पाणी, साधं सूप. घोट घोट, घाई नाही.

पुढचे साधारण दोन आठवडे: दूध, पातळ ताक, गाळलेलं मुगाचं कढण, प्रोटीन पावडर घातलेलं दूध. बेंगळुरूच्या घरात मिळणारी नाचणीची अंबली आणि मज्जिगे इथे कामी येतात. मिरची-मोहरीची फोडणी मात्र नको.

तिसरा-चौथा आठवडा: मऊ, वाटलेलं. घट्ट वरण, कुस्करलेलं पनीर, चक्का, वाटलेली भाजी, अंड्याची मऊ भुर्जी.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून: मऊ पण चावून खायचं. वाफवलेला मासा, मऊ धिरडं, शिजवलेली मटकी. पांढरा मऊ भात, पाव आणि कोरडं चिकन यांचा अनेकांना सुरुवातीला गोळा होऊन अडकल्यासारखा त्रास होतो. म्हणून ते उशिरा आणि जपून.

आणि कॉफी? पहिला महिनाभर तरी बहुतेक आहारतज्ज्ञ नको म्हणतात. नंतर घेतलीत तरी जेवणाला आणि लोहाच्या गोळीला जोडून नको, कारण कॉफी-चहाने लोह कमी शोषलं जातं.

ताटात आधी प्रथिनं

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो. पोटात जागा तर वाटीभरच! मग हिशेब कसा जमणार?

तीन-चार महिन्यांनंतरचा एक दिवस पाहू. सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम), मधल्या वेळी २०० मिली दूध (६), दुपारी वाटीभर घट्ट वरण (६) आणि ५० ग्रॅम पनीर (९), चारला छोटी वाटी दही (३), रात्री ६० ग्रॅम मासा (१२). बेरीज झाली ४८. म्हणजे इतकं नीट खाऊनही बारा-पंधरा ग्रॅम कमीच पडतात. म्हणूनच प्रोटीन पावडर देतात. 'ते जिमवाल्यांचं असतं' म्हणून ती कपाटात ठेवू नका.

शाकाहारी असाल तर दुधात सोया, सत्तू, पनीर, चक्का, मोड आलेली कडधान्यं यांवर भर द्या. इडली आणि चटणीत पोट भरतं, प्रथिनं नाही. इडली एकच घ्या आणि सांबारातली डाळ आधी खा.

पाणी दिवसभरात दीड ते दोन लिटर, पण जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून. साखरेचे पदार्थ, सरबतं आणि आइस्क्रीम टाळा. विशेषतः बायपासनंतर गोड वेगाने आतड्यात उतरलं, तर घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात.

गोळ्या आयुष्यभर

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम. जठर आणि आतड्याची रचना बदलल्याने हे सगळं नुसत्या जेवणातून पुरेसं मिळत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतल्यास एक दुसरीला अडवते. वजन उतरलं, तब्येत छान झाली म्हणून दोन वर्षांनी गोळ्या बंद केल्या, तर बी-१२ ची कमतरता हळूहळू नसांवर परिणाम करते.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचे डोस अनेकांना लवकरच कमी करावे लागतात, पण ते डॉक्टरांनी. अंगदुखीची नेहमीची वेदनाशामक गोळीही स्वतःहून नको, त्याने अल्सर होऊ शकतो.

या गोष्टींसाठी थांबू नका

ताप, वाढती पोटदुखी, छातीत खूप धडधड, श्वास लागणं, एका पायाला सूज: लगेच रुग्णालय. सतत उलट्या होत असतील तर 'पोट लहान झालंय, होणारच' म्हणून सोडून देऊ नका. त्यातून थायमिन म्हणजे बी-१ इतकं कमी होऊ शकतं की चालताना तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं. वेळेत इंजेक्शन मिळालं तर हे टाळता येतं.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. बाळाचा विचार असेल तर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. दारू शस्त्रक्रियेनंतर फार लवकर चढते आणि तिची सवयही लागू शकते, त्यामुळे लांबच राहा.

घरच्यांनो, हे तुमच्यासाठी

गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी. एका घरून पुरणपोळी, शेजारून होळिगे. "एवढंसंच? माझ्या हातची आवडली नाही का?" हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो, पण ज्याचं जठर केळ्याएवढं उरलंय त्याला एक जास्तीचा घासही उलटी करायला लावतो. आग्रह करायचाच असेल तर आणखी एक घोट पाण्याचा करा. एकादशीला साबुदाण्याऐवजी दही, दूध, पनीर पुढे ठेवा. 'शॉर्टकट घेतलास' असं तर कुणालाच म्हणू नका. रोज मोजून खाणं, गोळ्या घेणं आणि चालणं याला शॉर्टकट म्हणत नाहीत.

आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी: दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत येणं सामान्य आहे. त्याची लाज वाटून तपासणी चुकवू नका. जास्त वाढत असेल तर फरसाण, बिस्किटं, गोड कॉफी असं दिवसभर चरणं सुरू झालंय का, ते पाहा आणि आहारतज्ज्ञांना खरं सांगा. त्यांनी यापेक्षा बरंच काही ऐकलेलं असतं!

हा लेख घरात जो स्वयंपाक करतो त्याला आजच पाठवा. पहिल्या आठवड्याचं मुगाचं कढण त्यालाच गाळायचं आहे.