कलम नाही, मांडव नाही, तरी वेली शंभरीच्या : पोर्तुगालच्या वाळूतली द्राक्षबाग

आपल्याकडे द्राक्षाची बाग पंधरा-वीस वर्षांची झाली की शेतकरी ती काढायच्या विचाराला लागतो. पोर्तुगालमध्ये मात्र समुद्राकाठच्या वाळूत शंभरी गाठलेल्या वेली अजून घड देतात. त्यांच्यापासून बनणारी लाल वाइन जुन्या पद्धतीची म्हणून जगभर नावाजली जाते. गावाचं नाव कोलारेस आणि द्राक्षाचं नाव रामिस्को. राजधानी लिस्बनपासून हे गाव सुमारे 30 किलोमीटरवर आहे.

कीड आली, पण वाळूत अडकली

1860 च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाची कीड युरोपात शिरली. माव्यासारखी बारीक, पण हल्ला थेट मुळांवर. मुळं कुजायची आणि उभी बाग वाळायची. फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन सगळीकडे बागा बसल्या. अमेरिकेतल्या जंगली द्राक्षाची मुळं ही कीड सहन करतात, हे लक्षात आल्यावर त्या मुळांवर युरोपातल्या जातींचं कलम करायला सुरुवात झाली. आज युरोपातल्या बहुतेक बागा अशाच कलमी आहेत.

कोलारेसला ही वेळ आली नाही. भारी मातीतल्या भेगांमधून ही कीड एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जाते. मोकळ्या वाळूत भेगाच राहत नाहीत, त्यामुळे तिला वाटच मिळत नाही. म्हणून तिथल्या वेली आजही स्वतःच्याच मुळावर उभ्या आहेत.

आपल्याकडचं कलम कशासाठी?

महाराष्ट्रातले बागायतदारही डॉगरिज खुंट वापरतात. हा खुंट मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर कलम भरायचं, हे बागायतदाराला सांगायला नको. फरक एवढाच, की युरोपात कलम आलं ते किडीमुळे. आपल्याकडे ते पाण्याचा ताण आणि क्षार सोसावेत म्हणून आलं. त्यामुळे कोलारेसचं बघून इथं कुणी खुंट सोडायचा विचार करू नये. तिथली वाळू वेगळी, आपली अडचण वेगळी.

लागवड म्हणजे जिवाशी खेळ

नुसत्या वाळूत वेल जगत नाही. खाली चिकणमातीचा थर असतो, मुळं तिथपर्यंत न्यावी लागतात. त्यासाठी वाळूत खोल चर खणायचे. काही ठिकाणी दहा-बारा फूट, कुठे त्याहून जास्त. वाळू कधी ढासळेल याचा नेम नसायचा. म्हणून खाली उतरलेला मजूर डोक्यावर टोपली घालायचा. वाळू अंगावर आलीच तर वर काढेपर्यंत श्वास घ्यायला जागा राहावी, एवढाच हेतू. वेल वाढेल तसा चर हळूहळू बुजवत आणायचा.

वर मांडव नाही, तारा नाहीत. समुद्राचा खारा वारा जोराचा, म्हणून वेल जमिनीवरच पसरू देतात आणि वाऱ्याच्या बाजूला वाळक्या बोरूचे कूड उभारतात. फळ पिकायला लागलं की तापलेल्या वाळूने घड भाजू नयेत म्हणून काड्यांना छोटे टेकू देतात. यंत्राला वाव फार कमी, बहुतेक कामं हातानेच.

वाइन कशी असते?

रामिस्कोचे मणी लहान आणि जाड सालीचे. नवी वाइन इतकी तुरट आणि आंबट, की लगेच प्यावीशी वाटत नाही. लाकडी पिंपात आणि मग बाटलीत काही वर्षं मुरल्यावर ती नरम होते. माल थोडा, त्यामुळे ती बऱ्याचदा अर्ध्या लिटरच्या बाटलीत विकतात.

किडीने सोडलं, प्लॉटने गाठलं

बाकी बागा बसल्या तेव्हा कोलारेसच्या वाइनला चांगले दिवस आले. 1908 मध्ये सरकारने या भागाची हद्द ठरवून नावाला संरक्षण दिलं. 1931 मध्ये शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, ती आजही वाइन बनवते.

पण लिस्बन वाढत गेलं. समुद्राकाठच्या जमिनीला घरांसाठी मागणी आली. खर्च जास्त, उत्पन्न कमी, त्यात मजूर मिळेना. वर्षभर राबून जे हाती यायचं त्यापेक्षा जमीन विकून कितीतरी जास्त मिळू लागलं, आणि एकेक बाग गेली. एकेकाळी शेकडो हेक्टरवर असलेल्या या वाळूतल्या बागा आता एखाद्या लहान गावाच्या शिवारात मावतील एवढ्याच उरल्या आहेत. काही उत्पादक नव्याने लागवड करत आहेत. चर आता यंत्राने खणता येतो. पण घरं उभी राहिली त्या जागी पुन्हा वेल लावता येत नाही.