दोन दांतांचें निशाण : सित्रोएन मोटारीच्या बोधचिन्हाची कथा

मोटारींच्या नाकाडावर जीं निशाणें झळकत असतात, त्यांपैकीं बऱ्याच जणांचा पोशाख उसना असतो. कोणी उधळलेला घोडा घेतला, कोणी झेप घेणारें श्वापद घेतलें, कोणी एखाद्या नगराचें अगर घराण्याचें जुनें ढालचिन्ह आपल्या कपाळीं लावलें. इटलींतील फेरारी मोटारीचा काळा घोडा मूळचा फ्रांचेस्को बाराक्का नांवाच्या वैमानिकाच्या विमानावरचा. आल्फा रोमिओच्या वर्तुळांतील क्रूस मिलान शहराचा, आणि त्याच्या शेजारचा सर्प तेथील विस्कोंती घराण्याचा. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. नवा धंदा जुन्या कीर्तीच्या सावलींत उभा राहूं पाहतो, हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु एक निशाण असें आहे कीं, तें कोणाच्या वंशावळींतून उचललेलें नाहीं. ज्याचें तें निशाण, त्याच्याच कारखान्यांत तें पोलादाच्या तुकड्यावर कापून निघालें. फ्रान्समधील सित्रोएन मोटारीवरील, एकावर एक अशा दोन कोनांचें निशाण, तें हें होय.

आकृति अगदीं साधी आहे. कौलारू घराच्या छपराचीं दोन पाखीं आढ्याशीं मिळतात, तसा एक कोन. आणि त्याच्या डोक्यावर तसाच दुसरा. पाहणारा आपल्या अनुभवाप्रमाणें तिचा अर्थ लावतो. कोणाला डोंगराचीं शिखरें दिसतात; कोणाला पलटणींतील नाइकाच्या बाहीवरील दोन फिती उलट्या लावल्याचा भास होतो. हा दुसरा तर्क अगदींच निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. फ्रेंच लोक अशा कोनाला 'शेव्हरों' म्हणतात. आणि हाच शब्द ते शिपायाच्या बाहीवरील फितीला लावतात, तसाच घराच्या छपराच्या वाशालाहि लावतात. पण सित्रोएनचे शेव्हरों ना फितीचे, ना वाशाचे. ते दातेरी चाकाचे दांत आहेत, आणि त्या दांतांची रचना समजल्यावांचून ह्या निशाणाचा अर्थ समजणें शक्य नाहीं.

उसाचा रस काढण्याचा चरक आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. त्याच्या बाजूला दोनतीन लोखंडी दातेरी चाकें एकमेकांत गुंतून फिरत असतात. लहान चाकाला आठ दांत व मोठ्याला चाळीस दांत असले, तर लहान चाकाचे पांच फेरे होतील तेव्हां मोठ्याचा एक होईल. गति पांचपटीनें घटेल, आणि घर्षणांत जाईल तेवढा भाग सोडून जोर पांचपटीनें वाढेल. ऊस चिरडला जातो तो ह्या वाढलेल्या जोरानें. ह्याच चरकाचा दुसराहि गुण ध्यानांत घ्यावा, तो म्हणजे त्याची खडखड. त्याच्या चाकांचे दांत सरळ, म्हणजे चाकाच्या आंसाशीं समांतर कापलेले असतात. त्यामुळें एक दांत दुसऱ्यास भिडतो तेव्हां तो आपल्या संपूर्ण रुंदीनें एकाच क्षणीं भिडतो, आणि सुटतो तोहि एकाच क्षणीं. प्रत्येक दांतागणिक एक लहानसा ठोका बसतो. चाक मंद फिरतें तोंवर हे ठोके निरुपद्रवी असतात. पण मिनिटास शेंकडों फेरे होऊं लागले म्हणजे त्याच ठोक्यांची एक कर्कश किंकाळी बनते. चाक हादरूं लागतें आणि दांत झिजतात, क्वचित् तुटतातहि.

ह्यावर पहिला उपाय असा कीं, दांत तिरपे कापावे. तिरपा दांत दुसऱ्या तिरप्या दांतास प्रथम एका टोंकाशीं स्पर्श करतो, आणि तो स्पर्श सरकत सरकत दुसऱ्या टोंकास जातो. पहिली जोडी सुटण्यापूर्वींच दुसरी भिडलेली असते. भार एकाच दांतावर न पडतां दोघांतिघांत वाटला जातो. आवाज निवतो, चाल मऊ होते. परंतु ह्या उपायांतून एक नवें दुखणें निघतें. तिरपा दांत म्हणजे वस्तुतः मळसूत्राचाच एक तुकडा. मळसूत्र फिरविलें कीं तें पुढें सरकूं पाहतें. त्याचप्रमाणें तिरप्या दांतांचें चाक फिरतां फिरतां आपल्या आंसाच्या दिशेनें एका बाजूला रेटलें जातें. हा रेटा कोठें तरी अडवावा लागतो, आणि जेथें तो अडवावा तेथें झीज होते.

आतां दुसरा उपाय. चाकाच्या अर्ध्या रुंदीवर दांत उजवीकडे तिरपे कापावे, उरलेल्या अर्ध्या रुंदीवर डावीकडे. एक अर्ध जितक्या जोरानें चाकाला इकडे रेटील, तितक्याच जोरानें दुसरें अर्ध तिकडे रेटील; दोन्ही रेटे एकमेकांस खाऊन टाकतात, आणि चाक आपल्या जागीं स्थिर राहून नि:शब्द फिरतें. अशा चाकाकडे समोरून पाहिलें म्हणजे प्रत्येक दांत मध्यावर मोडल्यासारखा, कोनाच्या आकाराचा दिसतो, आणि सारे दांत मिळून बांगड्याच्या काट्यासारखी नक्षी दिसते. त्या नक्षींतील लगतचे दोन दांत उचलून वेगळे काढा. सित्रोएनचें निशाण तुमच्या हातांत आलें.

कागदावर ही युक्ति जितकी सोपी, तितकी पोलादांत अवघड. सरळ दांत कापणारें हत्यार एका कडेनें शिरून दुसऱ्या कडेनें बाहेर पडतें. कोनाकृति दांतांत मात्र हत्यार नेमक्या मध्यावर येऊन थबकतें. पुढें जावें तर समोरचा अर्धा दांत कापला जावयाचा. म्हणून पुष्कळ कारागीर चाकाच्या मध्यावर एक रिकामी चर ठेवीत. दोन्ही अर्धें कोनाच्या शिरोभागीं अचूक मिळवून सबंध दांत पोलादांत कापणें हें मोठें कसब होतें. आणि ह्या कसबावरच एका तरुण फ्रेंच अभियंत्यानें आपला धंदा उभारला.

आंद्रे सित्रोएन ह्याचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ रोजीं पॅरिस येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. पिता हॉलंडमधून आलेला हिऱ्यांचा व्यापारी, माता पोलंडांतील वॉर्सा शहरची. पूर्वज आम्स्टरडॅमला फळें विकीत, त्यावरून त्यांनीं प्रथम 'लिंबूवाला' अशा अर्थाचें आडनांव घेतलें, आणि पुढील पिढींत त्याचें 'सित्रोएन', म्हणजे नुसतें 'लिंबू', झालें. पॅरिसला आल्यावर त्यांतील एका अक्षरावर दोन टिंबें चढलीं व नांवाला फ्रेंच डौल आला. आंद्रे सहा वर्षांचा असतांना पिता गेला. मुलगा हुशार होता. एकोल पॉलितेक्निक ह्या नामांकित विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें. सन १९०० मध्यें, आईच्या मृत्यूनंतर, तो पोलंडांतील आपल्या आप्तांस भेटावयास गेला. तेथें कोनाकृति दांतांच्या चाकाची कल्पना त्याच्या दृष्टीस पडली, आणि तिचें पेटंट त्यानें विकत घेतलें. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या दांताचा मूळ शोधक सित्रोएन नव्हे. दुसऱ्याच्या कल्पनेचें मोल ओळखणें, तें रोख मोजणें, आणि मग ती कल्पना पोलादांत उतरविण्यासाठीं वर्षानुवर्षें खपणें, हें त्याचें श्रेय. आणि माझ्या मतें तें शोधापेक्षां कमी प्रतीचें नाहीं.

१९०५ सालीं पॅरिसमध्यें भागीदारींत कारखाना निघाला. त्याचा माल एकच, दातेरी चाकें. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, निशाण मोटारीहून वडील आहे. पुढें १९१२ सालीं सित्रोएन अमेरिकेस जाऊन फोर्डचा कारखाना पाहून आला. महायुद्ध सुरू झालें. फ्रेंच तोफांना गोळे पुरेनात, तेव्हां १९१५ मध्यें त्यानें सेन नदीच्या कांठीं जाव्हेल येथें विस्तीर्ण कारखाना बांधून गोळे ओतण्याचें काम फोर्डच्या धर्तीवर चालविलें. युद्ध संपलें, गोळ्यांची गरज सरली, आणि त्याच इमारतींतून १९१९ सालीं पहिली सित्रोएन मोटार बाहेर पडली. दिवे, विजेचा स्टार्टर, टप आणि जादा चाक ह्यांसह ती तयार मिळे. त्या काळीं युरोपांत ह्या वस्तु बहुधा निराळे पैसे देऊन बसवून घ्याव्या लागत. तिच्या मागल्या आंसाला गति देणारीं चाकें कोनाकृति दांतांचींच होतीं. म्हणजे कपाळावर जें मिरविलें, तेंच पोटांत फिरत होतें. असें भाग्य निशाणांच्या वांट्यास क्वचितच येतें.

येथून पुढें मात्र गमतीचा भाग आहे. ज्यानें यंत्राचा गोंगाट घालविला, त्यानेंच जाहिरातीचा असा गोंगाट केला कीं युरोपानें तसा पूर्वीं ऐकला नव्हता. फ्रान्सच्या रस्त्यांवर गांवांचीं नांवें व वळणें दाखविणाऱ्या हजारों पाट्या त्यानें आपल्या खर्चानें लावल्या, आणि प्रत्येकीवर आपलें चिन्ह ठेविलें. १९२५ सालीं पॅरिसमध्यें कलाप्रदर्शन भरलें, त्या प्रसंगीं आयफेल मनोऱ्यावर दोन लक्षांहून अधिक विजेचे दिवे चढवून आपलें नांव रात्रीच्या आकाशांत लिहिलें. ही रोषणाई १९३४ पर्यंत चालली. १९२७ च्या मे महिन्यांत अटलांटिक महासागर एकट्यानें ओलांडून आलेल्या लिंडबर्गनें पॅरिसवर येतांच ह्या मनोऱ्याभोंवतीं घिरटी घातली होती.

दूरदेशींच्या मोहिमाहि निघाल्या. मागल्या चाकांऐवजीं रबरी पट्टे लावलेल्या मोटारी १९२२-२३ च्या हिंवाळ्यांत सहारा ओलांडून तिंबक्तूस पोहोंचल्या. १९२४-२५ मध्यें तशाच गाड्यांनीं आफ्रिका खंड उभें पार केलें. तिसऱ्या मोहिमेंत आपल्या देशाचाहि संबंध येतो. ४ एप्रिल १९३१ रोजीं बैरूतहून निघालेली ही तुकडी काबूल, पेशावर करीत श्रीनगरला आली. तेथून दोन मोटारी हिमालयाच्या वाटेनें गिलगिटपर्यंत नेण्यांत आल्या. घोड्यांच्या पायवाटेवर मोटार कशी चालावी? कित्येक ठिकाणीं ती सुटी करून तिचे भाग हमालांच्या पाठीवरून नेले व पलीकडे पुन्हां जोडले. गिलगिटच्या पुढें मात्र मोटारींचा मार्ग खुंटला आणि मंडळी घोड्यांवर बसून चीनकडे निघाली. चीनमधून निघालेल्या दुसऱ्या तुकडीशीं त्यांची गांठ पडली व १९३२ च्या फेब्रुवारींत पेकिंग गांठलें. मोहिमेचा नायक झॉर्झ-मारी हार्द हा परततांना हाँगकाँग येथें न्युमोनियानें वारला. त्याच्या गाडीवर सोनेरी भुंग्याचें चित्र होतें, दुसरीवर रुपेरी चंद्रकोरीचें. कारण ह्या मोहिमांतील गाड्यांना आपापलें नांव व आपापलें चित्र दिलें जाई.

ह्याच सुमारास मुख्य निशाणांतहि एका पक्ष्यानें प्रवेश केला. यंत्राचा हादरा बैठकीस लागूं नये म्हणून तें रबरावर तरंगतें ठेवण्याची युक्ति सित्रोएननें अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीकडून घेतली, आणि ती लोकांस कळावी म्हणून १९३२ पासून दोन कोनांच्या पुढें पाण्यावर पोहणारा हंस काढला. हंस देखणा होता, ह्यांत संशय नाहीं. पण दांत हा यंत्राचा प्रत्यक्ष अवयव होता. हंस ही केवळ उपमा होती. थोड्याच वर्षांत तो उडून गेला.

१९३४ सालीं सित्रोएननें आपली सर्वांत धाडसी मोटार काढली. पुढल्या चाकांनीं ओढली जाणारी, निराळा सांगाडा न ठेवतां पेटी हाच सांगाडा केलेली, बुटकी व रस्त्यास धरून चालणारी अशी ती गाडी होती. तिच्या पुढल्या जाळीवर निशाणाचे दोन कोन पूर्वीं कधीं नव्हते एवढे मोठे झाले. पण गाडी सिद्ध करण्यांत व कारखाना नव्यानें बांधण्यांत कर्जाचा डोंगर झाला. डिसेंबर १९३४ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें, आणि टायर करणारी मिशेलिन कंपनी, जी सर्वांत मोठी धनको होती, तिच्या हातीं कारखाना गेला. आयफेल मनोऱ्यावरील नांव विझलें. ३ जुलै १९३५ रोजीं आंद्रे सित्रोएन पोटाच्या कर्करोगानें मरण पावला. जी मोटार त्याला बुडवून गेली, ती पुढें १९५७ पर्यंत विकली जात होती.

मिशेलिननें निशाण बदललें नाहीं, आणि १९७० नंतरच्या दशकांत मालकी प्यूझो कंपनीकडे गेली तेव्हां तिनेंहि बदललें नाहीं. रंग तेवढे पालटले: आरंभीं निळा व पिवळा, १९८५ पासून तांबड्यावर पांढरा, २००९ मध्यें कोनांच्या कडा गोल करून त्यांस रुपेरी उठाव दिला. कोनाकृति दांतांचीं चाकें मात्र मोटारींतून केव्हांच गेलीं. आजच्या गाडींत बहुधा एकाच बाजूस तिरपे दांत असतात, कारण बाजूचा रेटा सोसणाऱ्या उत्तम बेअरिंगा आतां मुबलक मिळतात. जेथें भार फार मोठा, अशा पोलाद लाटण्याच्या गिरण्यांत आणि जहाजांच्या यंत्रांत तो जुना दांत अजून राबतो.

जाव्हेलचा कारखाना आतां नाहीं. त्या जागेवर १९९२ सालीं आंद्रे सित्रोएनच्या नांवाचें सार्वजनिक उद्यान खुलें झालें. २०२१ पासून ह्या मोटारी हिंदुस्थानांतहि विकल्या जातात, तेव्हां निशाण पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. २०२२ च्या सप्टेंबरांत कंपनीनें त्याचें नवें रूप प्रसिद्ध केलें: रुपेरी उठाव काढून टाकला, आणि दोन कोनांभोंवतीं १९१९ च्या पहिल्या मोटारीवर होतें तसें लंबवर्तुळ पुन्हां काढलें.